रात्रीचा फोन आणि उसाचा हंगाम: एका ओव्हरसियरचं प्रकरण

मी सांगलीत समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी विभागातलं आहे. ज्यांचं प्रकरण, त्यांनी हे लेखन वाचून संमती दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव कुणाचंच दिलेलं नाही.

ताणाचा विषय निघाला की आपल्याकडे सगळं बोलणं माणसावर येऊन थांबतं: मन घट्ट करा, प्राणायाम करा, जास्त विचार करू नका. या प्रकरणात औषध लागलं, बोलणंही लागलं. पण माणूस सावरला तो कामाची घडी बदलल्यावर, आणि ती बदलताना ताण दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसला तोही आम्हाला पाहावा लागला.

पार्श्वभूमी

वय 42, कृषी पदविका, कारखान्यात कायम नोकरी, हुद्दा ॲग्री ओव्हरसियर. गटात पाच गावं, हाताखाली तीन हंगामी स्लिपबॉय, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या (स्लिपा) पोहोचवणारे मदतनीस. घरी पत्नी, दोन मुलं आणि वडील, म्हणजे आबा. आबा याच कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे ऊस मिलमध्ये सोडतात त्या जागी, काम करून निवृत्त झालेले. घरची दोन एकर शेती.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शेतकरी उसाची लागण नोंदवतो. त्या तारखेवरून, जातीवरून आणि आडसाली, पूर्वहंगामी, सुरू (हे लागणीचे हंगाम) की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक) यावरून तोडणीचा प्रोग्राम ठरतो. प्रोग्रामप्रमाणे ऊसतोड मजुरांची टोळी प्लॉटवर पाठवायची, वाहन लावायचं आणि कारखान्याला रोजचा ऊस पुरवायचा, हे ओव्हरसियरचं काम. कागदावर सरळ दिसतं. प्रत्यक्षात टोळ्या बीड, जत, विजापूरकडून येतात, टोळीचा मुकादम उचल (आगाऊ रक्कम) घेऊन येतो किंवा येतच नाही, आणि आलेली टोळी जास्त दराच्या आशेने रातोरात दुसरीकडे जाऊ शकते. यार्डात ऊस कमी पडला की मिल थांबते आणि त्या तासांपुढे ‘नो केन’ असा शेरा पडतो. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये त्याचा जाब शेतकी विभागाला द्यावा लागतो.

ज्या हंगामाची ही हकिकत, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात नदीकाठच्या मळीच्या रानात पाणी बरेच दिवस उभं होतं. बुडालेला ऊस आधी तोडला नाही तर वाळून जातो, म्हणून ते शेतकरी घाईला आलेले. माळावरच्यांची लागण जुनी, म्हणून त्यांचा हक्क आधीचा. तुरा (फुलोरा) आला की ऊस आतून पोकळ होऊ लागतो आणि वजनात मार बसतो. दीड वर्ष सांभाळलेलं पीक डोळ्यांदेखत हलकं होताना पाहणारा शेतकरी ओव्हरसियरला रात्री दहाला फोन करून म्हणतो, ‘‘साहेब, तुरा येऊन महिना झाला. आता काय पाचाट न्यायला येताय?’’ त्याचा राग खरा असतो. त्याला तोंड देणाऱ्या माणसाच्या हातात मात्र फार थोडं असतं, कारण क्रम तारखेने ठरतो आणि मोडतो कुणाच्या तरी शब्दाने. एखाद्या संचालकाचा निरोप आला की मधलाच प्लॉट वर घ्यावा लागतो, आणि ज्याचा मागे पडला त्याला उत्तर ओव्हरसियरनेच द्यायचं असतं.

तक्रार कशी वाढत गेली

डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांना पहाटे तीनच्या सुमारास जाग येऊ लागली. रात्रपाळीचा फोन साधारण त्याच वेळी यायचा: ‘‘यार्ड मोकळं पडलंय, गाड्या कुठं आहेत?’’ पुढे फोन आला नाही तरी जाग यायची. पत्नीने सांगितलं, मोबाईल वाजलेला नसतानाही हे उठून बसायचे आणि स्क्रीन बघायचे. मग ॲसिडिटी, मानेत ताठरपणा, मुलांवर खेकसणं. दिवसाला दहा-बारा कप चहा आणि खिशात तंबाखू-सुपारीचा मावा. दुपारी मोटरसायकल चालवताना डोळा लागून ते एकदा उसाच्या ट्रॉलीला जवळजवळ धडकले. घरी याची वाच्यता केली नाही.

जानेवारीत एका फडात, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या रानात, उभं असताना छातीत प्रचंड धडधड सुरू झाली, हातापायांना मुंग्या आल्या, घाम फुटला. आता आपण जाणार, असं त्यांना वाटलं. टोळीतल्या माणसांनी ट्रॅक्टरवरून गावातल्या दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या रुग्णालयात. ईसीजी व्यवस्थित, रक्तातलं ट्रोपोनिन व्यवस्थित, दुसऱ्या दिवशी केलेली इको (हृदयाची सोनोग्राफी) हीही व्यवस्थित. रक्तदाब मात्र 160/100 आणि एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.1, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. घरी सोडताना सांगितलं, ‘‘हार्टचं काही नाही. टेन्शन आहे. टेन्शन घेऊ नका.’’

या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हाच, आणि तो हातचा गेला. हृदयाची तपासणी करणं शंभर टक्के बरोबर होतं. बेचाळिशीतल्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या छातीत त्रास झाला तर आधी हृदयच बघायला हवं. पण ‘हार्टचं काही नाही’ हे वाक्य त्यांनी ‘तुम्हाला काहीच झालेलं नाही’ असं ऐकलं. पुढच्या महिनाभरात तसाच झटका आणखी तीनदा आला. दर वेळी वेगळा दवाखाना, पुन्हा ईसीजी, पुन्हा तेच उत्तर. मधल्या काळात ओळखीच्या एका मेडिकलवाल्याकडून ते झोपेसाठी अल्प्राझोलाम घेऊ लागले होते. हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे. शनिवारी त्याच्या जोडीला दारूही असायची. दोन्ही एकत्र घेतल्याने झोपेत श्वास मंदावण्याचा धोका असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

आबांनी एका देवऋषीला दाखवलं. शेजारच्यांनी सुचवलं, मिरजेला मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यावर यांचं उत्तर होतं, ‘‘म्हणजे आता मला येरवड्याला धाडणार काय?’’ शेवटी कुटुंबाच्या नेहमीच्या फिजिशियननी रक्तदाबाच्या निमित्ताने त्यांना बसवून घेतलं, झोपेबद्दल नीट विचारलं आणि माझ्याकडे पाठवलं.

शरीरात काय चाललं होतं

पहिल्या भेटीत त्यांचा एकच प्रश्न होता: सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत तर मला होतं ते खोटं आहे का? याचं उत्तर नीट दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून त्यावर मी पुष्कळ वेळ दिला.

धोका जाणवला की मेंदूचा इशारा मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना जातो. तिथून ॲड्रेनलिन सुटतं. हृदयाचे ठोके वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, स्नायू ताठतात, पचन मागे पडतं. त्यामागोमाग कॉर्टिसॉल येतं आणि ही तयारी लांबवतं. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या ‘लढा किंवा पळा’ प्रतिसादाचं वर्णन केलं. हान्स सेल्ये यांनी 1936 मध्ये दाखवलं की त्रासाचं कारण कुठलंही असो, तो टिकला की शरीर आधी सावध होतं, मग तग धरतं आणि शेवटी थकून जातं. कोल्हा दिसला की ससा पळतो आणि बिळात शिरला की शांत होतो. ओव्हरसियरला बीळ नव्हतं, कारण धोका खिशात वाजत होता.

कॉर्टिसॉल सकाळी उठण्याच्या सुमाराला सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असायला हवं. रक्तदाबही झोपेत साधारण 10 ते 20 टक्के खाली यायला हवा. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मिळणारी खरी सुट्टी तीच. रात्री दोन-तीनदा दचकून उठणाऱ्याला ती मिळत नाही. चहातलं कॅफिन झोप आणखी उथळ करतं. माव्यातल्या निकोटिनचा अंमल दोन-एक तासांत निम्म्यावर येतो आणि मग जी चुळबुळ सुरू होते ती हुबेहूब चिंतेसारखी वाटते. माणूस पुन्हा मावा तोंडात टाकतो, बरं वाटतं आणि त्याला वाटतं की माव्याने टेन्शन गेलं.

फडातला तो प्रसंग पॅनिक अटॅक होता. तो काही मिनिटांत टिपेला पोहोचतो आणि ओसरतो. जीव जाईल असं वाटतं ते अगदी खरं वाटतं, कारण शरीर खरोखरच पूर्ण जोराने पळण्याच्या तयारीत असतं. हे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘‘मग मी नाटक करत नव्हतो.’’

त्याच भेटीत मी त्यांना सरळ विचारलं, जीव नकोसा वाटतो का. हा प्रश्न विचारल्याने माणसाच्या मनात नसलेला विचार येतो, अशी भीती पुष्कळांना वाटते. तसं होत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्यांनी सांगितलं, गाडी ट्रॉलीखाली गेली तर सुटका होईल, असं दोन-तीनदा मनात येऊन गेलं होतं. ठरवून काही केलेलं नव्हतं. ही गोष्ट पत्नीला सांगायला ते तयार झाले. घरात एकाला तरी माहीत असणं आणि 14416 हा ‘टेली मानस’चा क्रमांक फोनमध्ये असणं, एवढं त्या दिवशी आम्ही पक्कं केलं. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, दिवसरात्र मोफत मिळते आणि मराठीत बोलता येतं.

समोरचे पर्याय

फिजिशियन, मानसोपचारतज्ज्ञ, ते स्वतः, पत्नी आणि मी, अशा सगळ्यांच्या बोलण्यातून चार वाटा पुढे आल्या.

हंगाम संपेपर्यंत वैद्यकीय रजा, ही पत्नीची इच्छा. विश्रांती मिळाली असती, पण पुढच्या नोव्हेंबरात तेच काम तसंच वाट पाहत असतं. शिवाय चिंतेत जागा टाळली की भीती वाढते. फडात जायचं बंद केलं असतं तर फडाचीच धास्ती बसली असती.

वजनकाट्यावर किंवा साखर गोडाऊनवर बदली. कारखान्यात हे शक्य होतं. पण शेतकीतून काट्यावर पाठवलेल्या माणसाबद्दल गावात काय बोललं जातं, हे त्यांना माहीत होतं. आबांचा विरोध इथे सर्वांत तीव्र होता.

राजीनामा देऊन शेती आणि खतांचं दुकान. यावर ते रात्री-रात्री विचार करत होते. माझं मत मी स्पष्ट सांगितलं: झोप नसलेल्या माणसाने कायमची नोकरी सोडण्याचा निर्णय त्या अवस्थेत घेऊ नये. तीन महिन्यांनी हाच विचार टिकला तर तो विचार.

चौथी वाट म्हणजे थोडी रजा, उपचार आणि त्याच कामावर परत, पण कामाच्या अटी बदलून. कामाच्या ताणाचे संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये मांडलेलं सूत्र इथे तंतोतंत लागू पडत होतं: कामाचा दट्ट्या मोठा आणि ते कसं करायचं यावर हात नाही, अशी जागा सर्वांत जास्त पोखरते. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासातही कामावर कमी ताबा असलेल्यांमध्ये हृदयरोग जास्त आढळला होता. तासांचा प्रश्न होताच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या 2021 च्या अंदाजानुसार आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो. हंगामात ओव्हरसियरचे तास मोजायला बसलं तर 55 गुरुवारीच ओलांडले जातात.

त्यांनी चौथी वाट निवडली. निवड त्यांची होती, हे महत्त्वाचं, कारण महिनोन्महिने त्यांच्या वतीने दुसरंच कुणीतरी ठरवत होतं.

काय केलं

मानसोपचारतज्ज्ञांनी चिंता आणि पॅनिकसाठी नियमित घ्यायचं औषध सुरू केलं. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढू शकते, हे आधीच सांगितलं. नाहीतर चौथ्या दिवशी माणूस गोळी बंद करतो. अल्प्राझोलाम एकदम न थांबवता हळूहळू कमी केलं. अचानक थांबवलं तर फिट येण्याइतका त्रास होऊ शकतो. रक्तदाबाची गोळी फिजिशियनने सुरू केली. माझ्याकडे आम्ही एक साधा सराव केला: जिने भरभर चढायचे, ठोके मुद्दाम वाढवायचे आणि ते आपोआप खाली येईपर्यंत तिथेच उभं राहायचं. धडधड म्हणजे मरण नव्हे, हे शरीराला पटायला शब्द पुरत नाहीत.

रजेच्या दाखल्यावर काय लिहायचं, यावर खूप चर्चा झाली. त्यांना ‘व्हायरल ताप’ हवा होता. डॉक्टरांनी खोटं लिहायला नकार दिला आणि ‘उच्च रक्तदाब व झोपेचा विकार’ असं लिहिलं. दोन्ही खरं होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे. पूर्ण निदान वरिष्ठांपुढे ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक नव्हतं. तरीही एका माणसाला सगळं सांगायचं त्यांनी ठरवलं: शेतकी अधिकाऱ्यांना.

ती भेट निर्णायक ठरली. शेतकी अधिकारी हा प्रश्न दयेचा मानतील अशी अपेक्षा नव्हतीच, आणि ते बरंच झालं. ओव्हरसियर तीन आठवडे रजेवर असताना त्यांच्या गटातला ऊसपुरवठा विस्कळीत झाला होता आणि ‘नो केन’चे तास वाढले होते. सगळा गट एका माणसाच्या डोक्यात आणि एका माणसाच्या फोनवर चालतो, हे त्यातून उघडं पडलं. अधिकाऱ्यांनी त्याच अंगाने विषय घेतला आणि त्या गटापुरते तीन बदल मान्य केले.

एक, कामासाठी वेगळं सिमकार्ड, आणि रात्री नऊ ते सकाळी सहा तो फोन गटाबाहेरच्या, आळीपाळीने ठरलेल्या माणसाकडे. दोन, पुढच्या आठ दिवसांत कुठले प्लॉट तुटणार त्याची लागण तारखेसह यादी ग्रामपंचायत आणि सोसायटीच्या फलकावर आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तीन, क्रम बदलायचा असेल तर शेतकी अधिकाऱ्यांच्या सहीने. तोंडी निरोप ओव्हरसियरने घ्यायचा नाही. तिसऱ्यावर नाराजी होणार हे ठाऊक होतं, आणि ती झालीही. एका संचालकांनी ‘आमच्या शब्दाला किंमत राहिली नाही’ असं सुनावलं. अधिकारी मागे हटले नाहीत. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर ही सुधारणा तिथेच संपली असती.

परिणाम

पहिल्या पंधरवड्यात फोन खूप कमी झाले. शेतकऱ्याला उशीर झेपतो, अंधारात ठेवलेलं झेपत नाही. तारीख कळली की तो पाण्याची पाळी, पुढचं पीक, घरचं कार्य त्याप्रमाणे लावून घेतो.

मग एका रात्री दोन टोळ्या पळाल्या. फलकावरच्या तारखा खोट्या ठरल्या आणि राग दुप्पट झाला, कारण आता लेखी शब्द मोडला होता. यादी बंद करावी, असा सूर निघाला. ओव्हरसियरनीच वेगळं सुचवलं: नेमकी तारीख लिहायची नाही, चार दिवसांची मुदत लिहायची, आणि अडचण आली की त्याच दिवशी कारणासह फलक बदलायचा. ‘टोळी गेली, चार दिवस पुढे’ असं खडूने लिहिलेलं वाचून लोक चिडले, पण फोन करून आईबहिणीवरून बोलणं थांबलं.

हंगामाच्या शेवटापर्यंत झोप सहा तासांवर आली. पॅनिक अटॅक मार्चनंतर आला नाही. रक्तदाब गोळीवर 130/84च्या आसपास राहिला. एचबीए1सी फारसं हललं नाही. चहा निम्मा झाला. मावा पावसाळ्यात सुटला आणि दिवाळीनंतर, पुढचा हंगाम सुरू होताच, पुन्हा सुरू झाला. तो लढा अजून चालू आहे. मुलीने मला सांगितलं की पप्पा आता जेवताना बोलतात.

जे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं

रात्रीचा फोन दुसऱ्याकडे गेला, पण ओव्हरसियर उचलत नाहीत म्हटल्यावर शेतकरी आणि वाहनवाले थेट स्लिपबॉयला फोन करू लागले. त्यातला सर्वांत धाकटा 23 वर्षांचा, हंगामी. त्याची नोकरी पुढच्या वर्षी राहील की नाही याचीच शाश्वती नाही. तो ‘नाही’ कसा म्हणणार? तो रात्री बारापर्यंत फडात असायचा. हे कळलं ते त्याने काम सोडायचं बोलून दाखवल्यावर.

ओव्हरसियरचं बरं होणं काही अंशी या मुलाच्या झोपेतून वसूल होत होतं. उपचाराच्या खोलीतून हे दिसत नाही. माझ्यासमोर एक रुग्ण बसलेला असतो आणि त्याचे आकडे सुधारत असतात.

काय वेगळं करता येईल

पहिल्या रुग्णालयातून घरी सोडताना ‘हार्टचं काही नाही’ याच्यापुढे दोन वाक्यं जोडता आली असती: याला पॅनिक अटॅक म्हणतात, यावर उपचार आहे, आणि या ठिकाणी जा. त्या दोन वाक्यांनी एक महिना, तीन ईसीजी आणि मेडिकलवाल्याची गोळी वाचली असती. झोप, दारू, तंबाखू आणि स्वतः विकत घेतलेल्या गोळ्या यांची चौकशी रक्तदाब मोजण्याइतकी सवयीची व्हायला हवी.

पत्नीला पहिल्या दिवसापासून खोलीत बोलवावं. रात्री तीनची जाग, स्क्रीन बघणं, मुलांवर खेकसणं, हे सगळं तिनेच सांगितलं. त्यांनी स्वतः फक्त धडधड सांगितली होती.

कामात बदल मागताना त्या कामाच्या खालच्या पायरीवर कोण उभं आहे, हे आधी विचारायला हवं. फोन बंद होतो तेव्हा तो कुठे वाजायला लागतो, हा प्रश्न मी आता अशा प्रत्येक प्रकरणात पहिल्याच बैठकीत विचारते, मग तो पतसंस्थेचा वसुली अधिकारी असो की एसटीचा कंट्रोलर.

आणि हे सगळं एका गटापुरतं झालं, एका समजूतदार अधिकाऱ्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली घटना म्हणून आहे. तिचा उगम कामाच्या ठिकाणच्या, न हाताळलेल्या दीर्घ ताणात आहे असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. मग ती हाताळण्याची जबाबदारीही कारखान्याच्या कारभारात लिहिलेली असायला हवी. अधिकारी बदलला की यादी आणि सिमकार्ड दोन्ही जाऊ शकतात.

पुढच्या हंगामापूर्वी ऑक्टोबरात शेतकी विभागाची बैठक झाली. रात्रपाळीच्या फोनचं वेळापत्रक आता तीन गटांना लागू आहे. रात्री नऊनंतर स्लिपबॉयने फोन घेऊ नये, हे त्यात वेगळ्या ओळीत लिहिलं आहे, आणि ज्या रात्री त्यांना थांबावंच लागेल त्याची बदली सुट्टीही. उरलेल्या गटांचे ओव्हरसियर अजून जुन्याच पद्धतीने चालवतात.